टाकीतले अकरा लिटर

जुनी डिझेल जीप असलेल्या माणसाला ‘गाडी किती देते?’ असं विचारलं, तर तो सहसा खरं सांगत नाही. फसवायचा त्याचा हेतू नसतो. कधीतरी गाडी रिकामी होती, रस्ता उताराचा होता, तेव्हा तिने जे दिलं ते त्याच्या डोक्यात बसतं आणि पुढे आयुष्यभर तो तोच आकडा सांगतो. आमच्या बाजूला लिटरला चौदा-पंधरा सांगणारे मी पाहिले आहेत. माझी फोर बाय फोर सपाट डांबरी रस्त्यावर दहा देते. म्हसळ्याच्या चढउतारावर नऊ. पावसाळ्यात, खड्ड्यांतून दुसऱ्या-तिसऱ्या गियरवर जायचं असेल तर साडेसात, फार तर आठ.

हे आकडे अंदाजाचे नाहीत. टाकी काठोकाठ भरायची. डिझेलला फेस येतो, म्हणून पंपावरच्या माणसाने नळी काढली तरी फेस बसेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा थोडं घालायला लावायचं. मग किलोमीटर लिहून घ्यायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच काठोकाठ भरली की भागाकार करायचा. वाळूसाठी मी मोठे टायर बसवले आहेत. चाक मोठं असलं की मीटर कमी अंतर दाखवतो, म्हणून तेही रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून दुरुस्त केलं होतं. पंपावरची मुलं वैतागायची. मागच्या गाडीवाले हॉर्न द्यायचे. पण माझा नाइलाज होता. जीपचा डिझेलचा काटा कधीच मेला होता, आणि टाकीचं तोंड बाजूला, आतली नळी वाकडी, त्यामुळे काठी घालूनही बघता येत नसे. टाकीत किती आहे हे कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे किती चाललो ते मोजणं.

आणि ते कळणं भाग होतं, कारण त्या जीपवर माझी बायको जगत होती.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अलिबागला जावं लागे. आमची नारळ-सुपारीची वाडी दिघीच्या बाजूला, खाडीच्या दक्षिणेला. जीप फेरीबोटीत चढवायची, आगरदांड्याला उतरवायची, मुरूड-रेवदंडा करत अलिबाग. एका बाजूचे सत्तरच्या आत किलोमीटर, म्हणजे सात लिटर. मी हायस्कुलात लेखनिक आहे. सुट्ट्या संपल्या, मग बिनपगारी सुरू झाल्या. लोक सांगत, नवी छोटी गाडी घ्या, वीस-बावीस देईल. पण वाडीतून रस्त्याला लागायचं तर भुसभुशीत वाळूचा एक पट्टा आणि त्यापुढे जांभ्याचा खडा चढ आहे. पावसाळ्यात छोटी गाडी तिथे पोटावर बसते. बायकोला पाठकुळीला घेऊन तो चढ चढायची वेळ एकदा आली होती, तेव्हा मी जीप विकायचा विषय बंद केला.

घरात दोन प्रकारचे लिटर मोजले जात. एक जीपचे आणि एक तिचे. दिवसभरात पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, आमटी, गोळ्या गिळायचा घोट. लघवी जवळजवळ होतच नव्हती, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगात राही. दोन खेपांमध्ये वजन जितके किलो वाढलं, तितके लिटर पाणी साठलं असं धरायचं. मी रोज सकाळी तिला काट्यावर उभी करत असे.

“गाडीला नि मला एकाच तोंडाने विचारता,” ती म्हणायची. “किती गेलं, किती राहिलं!”

“मग वेगळं कसं विचारू?”

“माझ्याशी बोलताना जरा आवाज तरी मऊ करा. जीपशी मऊ बोलता.”

त्या वर्षी चक्रीवादळाचा इशारा आला. आधीच्या खेपेला अलिबागच्या पंपावर एवढी रांग होती की उभा राहिलो असतो तर शेवटची फेरी चुकली असती. म्हणून टाकी न भरताच परतलो. घरी येऊन हिशेब केला. बारा लिटर होते. पुढच्या जाण्याला सात लागणार, अलिबागला पोचल्यावर भरता येईल. काळजीचं कारण दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा तांडेल आला. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्याच्या आणि त्याच्या भावकीच्या होड्या किनाऱ्यावर होत्या, पण भरतीची रेघ ओलांडून वर ओढलेल्या नव्हत्या. वादळात समुद्र कुठवर येईल सांगता येत नव्हतं, म्हणून त्या पार सुरूच्या झाडांत न्यायच्या होत्या.

“भाऊ, जीप द्या. हातानं न्हाय ओढत आता त्या. माणसंच न्हायत.”

आमच्याकडे ही रीत आहे. होडी ओढायला जीप मागितली तर नाही म्हणायचं नाही, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ज्याची होडी तो नंतर डिझेल घालतो. मी किल्ली दिली. बायकोला त्या दिवशी बरं नव्हतं, म्हणून मी स्वतः गेलो नाही. तांडेलाला एवढंच सांगितलं, “बॅटरी कमजोर आहे. वाळूत बंद करू नको. बंद पडली तर ढकलून चालू करावी लागते, नि वाळूत कुणाच्या बापाला ढकलता यायची नाही.”

“न्हाय करत. काय काळजी नको.”

संध्याकाळी त्याने जीप परत आणून लावली. वारा सुटला होता. “डिझेल उद्या घालतो, भाऊ. आता घरावर पत्रे बांधायचेत,” म्हणत तो पळाला. मी जाऊन किलोमीटर बघितले. तीन झाले होते. तीन किलोमीटरला पाव-अर्धा लिटर, ओढण्याचा जोर धरून मी एक अख्खा लिटर वजा केला. बारातून एक गेला, अकरा राहिले. सढळ हाताने केलेला हिशेब होता, असं मला वाटलं.

वादळाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते सांगून कळत नाही. घराची निम्मी कौलं गेली, वाडीतल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, आम्ही दोघं पलंगाखाली वाचलो.

खरी भीती नंतर सुरू झाली. वीज नाही. मोबाईल मुका. फेरी बंद, धक्क्यावरचं काय मोडलंय आणि कधी सुरू होईल ते कुणी सांगेना. बोर्लीच्या पंपावर मी चालत गेलो, तिथे छप्पर आडवं पडलं होतं आणि यंत्रं त्याच्याखाली होती. तांडेलाची डिझेलची पिंपं लाटेबरोबर गेली होती. तो माझ्यासमोर उभा राहून नुसता हात चोळत होता. “भाऊ, होड्या वाचल्या, पन तुमचं डिझेल न्हाय माझ्याकडं,” म्हणाला. मी म्हटलं, “राहू दे रे. टाकीत अकरा आहेत.”

डायलिसिसचा दिवस उलटला. पहिला दिवस मी फेरीची वाट बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी तिच्या पायांवर बोट दाबलं की खड्डा पडायला लागला, आणि तो भरून यायला वेळ लागे. रात्री तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसली की जरा बरं. आडवी झाली की बुडणाऱ्या माणसासारखी उठून बसायची. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं. त्यात गावातली माणसं प्रेमाने येऊन शहाळी देत होती. आजारी माणसाला शहाळं, ही आमच्याकडची पहिली गोष्ट, आणि त्या दिवसांत तर शहाळ्यांचा जमिनीवर खच होता. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम असतं, ते किडनी नसलेल्या माणसाचं हृदय थांबवू शकतं. प्रत्येकाला हे सांगायची मला ताकद नव्हती. मी शहाळी घेत होतो आणि पडवीत रचत होतो.

तिसऱ्या दिवशी उजाडता मी ठरवलं, वळसा घालून जायचं. बोर्ली, म्हसळा, माणगाव, मग हमरस्त्याने कोलाड, नागोठणे, पोयनाड, अलिबाग. नेहमीच्या दुप्पट अंतर. सगळं अंतर टाकीतल्या डिझेलवर होणार नव्हतं, पण माणगावला हमरस्ता लागला की कुठला ना कुठला पंप जनरेटरवर चालू असणार. तिथवर साठ किलोमीटर. रस्ता वाईट, झाडं पडलेली, सात देईल असं धरलं. साडेआठ लिटर. अकरातून साडेआठ गेले तरी अडीच शिल्लक. मी हे तिला मोठ्याने सांगितलं. मलाच ते ऐकायचं होतं.

ती म्हणाली, “चला.” एवढंच.

तांडेल निघताना आला. “भाऊ, पानी उतरलंय. होडी पान्यात घालतो, वैनीला आगरदांड्याला सोडतो.”

“आणि पुढे? तिकडे गाडी कुठली? रस्ता तरी चालू आहे का?”

“ते म्हाईत न्हाय.”

“मग नको. इकडून पोचतोय मी.”

त्याच्याकडे आकडा नव्हता, माझ्याकडे होता.

पहिले दहा-बारा किलोमीटर झाडांमधून गेले. गावोगावची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन रस्त्यावर होती. त्यांनी एक वाट मोकळी केली होती, स्कूटर जाईल एवढी. जिथे ती पुरेना तिथे मी बाजूच्या शेतात उतरून, पुढची चाकं जोडून, छोट्या गियरवर बांध चढून पुन्हा रस्त्याला लागे. अशा वेळी जीप डिझेल नुसती पिते. प्रत्येक बांधाला मी मनात एक छटाक वजा करत होतो. एका ठिकाणी आंब्याचं खोड आडवं होतं, ते दोर बांधून ओढल्याशिवाय पुढे जाणंच शक्य नव्हतं. ते ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग एक बाई धावत आली. तिच्या घराच्या दारावर चिंच पडली होती. आत सासरा होता. जिवंत होता, बोलत होता, त्याला खिडकीतून पाणी देत होते, पण बाहेर काढता येत नव्हतं.

“दादा, तेवढं एक ओढा हो. पाचच मिनिटं.”

घर रस्त्यापासून आत, खालच्या अंगाला होतं. चिंच भली मोठी. पाच मिनिटांत ती हलणार नव्हती हे मला दिसत होतं. मी सांगितलं, बायको अत्यवस्थ आहे, डिझेल मोजकं आहे.

“अहो, किती जळंल? वाटी-दोन वाट्या?”

“ताई, तेवढंच आहे.”

मागून एक माणूस म्हणाला, “राहू दे गं. शोभेची जीप हाय ती. शेठ लोकांची.”

बायको पुढच्या सीटवर उशीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. ओढा, असं ती म्हणाली नाही. नको, असंही म्हणाली नाही. मी पहिला गियर टाकला. आरशात ती बाई उभी दिसत होती, वळण येईपर्यंत.

म्हसळा मागे टाकलं. पुढे रस्ता जरा बरा होता. माझ्या हिशेबाने चार लिटर गेले होते, फार तर पाच. मी तिला म्हटलं, “आता सुटलो आपण.” त्यानंतर थोड्याच वेळात, एका चढावर, इंजिनाने दोनदा उचकी दिली. मी गियर खाली टाकला. तिसरी उचकी दिली आणि ते थांबलं.

मला आधी वाटलं, फिल्टर. वादळात टाकीत पाणी गेलं असेल. पाना घेऊन खाली उतरलो, फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हाताने पंप मारला. काहीच आलं नाही. नुसता फुसफुस आवाज. जीपखाली शिरून टाकीचा खालचा नट काढला. दोन थेंब हातावर पडले आणि मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेले. त्यानंतर काही नाही. नट परत बसवला.

मी रस्त्यावर बसून पुन्हा गणित केलं. बारा होते. बारा होते याबद्दल शंका नाही. गळती नाही, वाडीत जमिनीवर डाग नव्हता. कुणी काढून घ्यावं तर टाकीतून काढणं सोपं नाही.

“गेलं कुठे?” मी म्हटलं. तिला विचारलं नव्हतं.

“काय?”

“डिझेल. अकरा होतं.”

ती श्वास घेत घेत बोलली. “त्या दिवशी... होड्यांच्या वेळी... सकाळपासनं चालूच होती की.”

“काय चालू होती?”

“जीप. मला... आवाज येत होता. दिवसभर. बंदच... केली नाही त्यांनी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही... किलोमीटर किती झाले ते बघितलं. मला वाटलं... तसंच असतं.”

वाळूत बंद करू नको, असं मीच सांगितलं होतं. त्याने ऐकलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इंजिन चालू. त्यातले कित्येक तास छोट्या गियरवर, वाळूत चाकं फिरवत, टनावारी लाकूड ओढत, आणि उरलेले नुसतं घुरघुरत उभं. मीटरवर तीन किलोमीटर. मी तीन किलोमीटरचा भागाकार केला. इतकी वर्षं लिटर आणि किलोमीटर एवढंच जोडत आलो होतो. गाडी जागच्या जागीही पिते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचा रकाना माझ्याकडे नव्हता, म्हणून ते मला दिसलं नाही. सात-आठ लिटर त्या वाळूत गेले असणार. निघताना टाकीत चारेक होते. त्या चिंचेच्या घरापाशी मी जे वाचवलं, ते टाकीत नव्हतंच. आणि होडीला मी नाही म्हटलं होतं.

माझ्या तोंडून आवाज निघाला, कसला ते मला आठवत नाही. ती म्हणाली, “असं करू नका. मला... भीती वाटते.”

रस्त्यावर कुणी नव्हतं. आधीच्या गावात परत चालत जावं, तर तिला एकटं ठेवावं लागणार. तिच्या ओठांचा रंग बदलला होता. एकदा वाटलं, तिला उचलून चालायला लागावं. ती साठ किलोंची बाई, त्यात पाणी. मी तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिलो, पुठ्ठ्याने वारा घालत. दुसरं काही करायला नव्हतं. ती मान टाकून डोळे मिटायची, आणि डोळे मिटले की मी हाक मारायचो.

“झोपले नाही,” ती म्हणायची. “ओरडू नका.”

बऱ्याच वेळाने मागून डंपर आला. रिकामा, दिघी बंदराच्या बाजूने परत निघालेला, आमच्यासारखाच झाडं चुकवत आलेला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हर तरणा, गळ्यात टॉवेल, तीन दिवस केबिनमध्येच काढलेले दिसत होते. मी सांगितलं. त्याने जीपमध्ये डोकावून बघितलं आणि टॉवेल गळ्यातून काढला.

“मालकाच्या मोबाईलवर दिसतं वो, दादा. टाकीत मशीन बसवलंय. लिटर जरी काढलं तरी फोन येतोय, कुणाला इकलं म्हणून.”

मी हात जोडले. ते मी आयुष्यात फारसं केलेलं नाही.

आतून बायको म्हणाली, “रेंज... कुठाय?”

त्याने खिशातून मोबाईल काढला, बघितला आणि एकदम हसला. “च्यायला, खरंच की! मालक आंधळाच हाय तीन दिवस.” मग त्याने केबिनवर चढून पान्याची पेटी काढली. “वैनी लई हुशार हायेत, दादा. किती देते गाडी? किती लागंल?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“बरं, पाच-सहा घ्या.”

वाडीला पाणी घालायच्या पाइपाचा एक तुकडा माझ्याकडे असे. त्याने टाकी उघडली, मी नळी तोंडात धरून ओढली. पहिला घोट घशात गेला. ती चव दोन दिवस गेली नाही. कॅन भरला आणि जीपच्या टाकीत ओतला. पण डिझेल गाडीत नुसतं ओतून भागत नाही. एकदा कोरडी पडली की नळ्यांमध्ये हवा भरते, आणि ती हवा काढल्याशिवाय इंजिन धरत नाही. मी फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो. आधी हवा, मग फेस, मग फेसातून धार. स्क्रू आवळला. इंजिनाकडच्या नळीचा नट ढिला केला. आता कुणीतरी आत बसून किल्ली फिरवायला हवी होती आणि मी इथे नट धरायला. ड्रायव्हर डंपर रस्त्यातून बाजूला घ्यायला गेला होता.

मी काही म्हणायच्या आत ती सरकत स्टिअरिंगमागे आली. डावा हात, ज्याची शीर सुयांसाठी जपायची असते, तो तिने छातीशी धरला आणि उजव्याने किल्ली फिरवली.

स्टार्टर कण्हला. नळीतून फेस आला. “पुन्हा,” मी म्हटलं. पुन्हा फेस, थोडं डिझेल. “पुन्हा.” तिसऱ्यांदा स्टार्टरने नुसतं टक् केलं. बॅटरी गेली.

तोवर डंपर बाजूला झाला होता आणि मागे मोकळा उतार होता. मी नट आवळला, तिला सरकवून बसलो, रिव्हर्स गियर टाकून क्लच दाबला आणि हँडब्रेक सोडला. जीप उलटी घरंगळायला लागली. वेग आल्यावर क्लच सोडला. गचका बसला, तिचं डोकं मागे गेलं, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प. उतार अजून थोडा होता, त्यापुढे मोरी. मी पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला. एक खोकला, दोन, मग तीन सिलिंडर, मग चारही. काळ्या धुराने मागची काच भरून गेली. ड्रायव्हर वरून काहीतरी ओरडत होता, ते ऐकू आलं नाही. त्याला मी धन्यवादही म्हटलं नाही. थांबायची हिंमत नव्हती.

माणगावला पंप चालू होता. रांगेत मी इंजिन बंद केलं नाही. लोक ओरडले, पंपावरच्याने आधी बंद करा म्हणून हुज्जत घातली. तिच्याकडे बघितल्यावर त्याने आम्हाला रांगेतून पुढे घेतलं. किती भरलं ते मी लिहिलं नाही. अलिबागपर्यंतचा रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. कोलाडचा पूल, नागोठण्याला उलटलेला होर्डिंगचा सांगाडा, आणि शेवटच्या टप्प्यात तिने बोलणं बंद केलं होतं, तेव्हा मी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं होतं, ते.

डायलिसिसच्या सिस्टर तिला ओळखत होत्या. दोघींनी तिला खुर्चीवरून काट्यावर धरून उभी केली. नेहमी मशीनवरून उतरताना जे वजन असायचं त्यापेक्षा साडेपाच किलो जास्त. म्हणजे साडेपाच लिटर. मास्क लावला, सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, एका वेळी एवढं काढता येत नाही, प्रेशर पडतं. आज तीन, साडेतीन. उद्या पुन्हा. मधे एकदा प्रेशर खरंच पडलं. पडदे ओढले, मला बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर आणखी पाच-सहा जण होते. कुणाचा भाऊ, कुणाची आई आत, किंवा आत जायची वाट बघत. आपण कुठून आलो, कसे आलो, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. एका माणसाची मुलगी खाडीपलीकडून येणार होती, ती अजून आली नव्हती. तो दर गाडीच्या आवाजाला उठून उभा राहायचा.

मशीन थांबलं तेव्हा दिवस मावळला होता. मला आत सोडलं. ती जरा रेलून बसली होती. चेहरा सुकलेला, डोळ्यांखालची सूज उतरलेली.

“भूक लागलीय,” ती म्हणाली.

आठवडाभर तिने हा शब्द उच्चारला नव्हता. मी बाहेर पडलो. गावात बहुतेक सगळं बंद. एका बेकरीचं शटर अर्धं वर होतं आणि आत मेणबत्तीच्या उजेडात कालचे पाव विकत होते. माणशी दोन. मी दोन घेतले, एक तिला दिला. तिने तो कोरडाच, तुकडे मोडून, खाली पडलेला चुरा बोटाने टिपून संपवला. मग माझ्या हातातल्या दुसऱ्याकडे बघितलं.

“तो पण द्या.”

“नको. पावात मीठ असतं. पुन्हा तहान लागेल. उद्याच्याला अजून दोन लिटर काढायचेत.”

“अहो, मेल्यातनं उठलेय मी! एक पाव मागतेय, बंगला नाही मागत. तीन दिवस डोळ्यासमोर डोंगरभर शहाळी रचून ठेवलीत, एक थेंब प्यायले का? आणि आता पावाचं मीठ मोजताय. माणूस आहात की काटा आहात तुम्ही? त्या सिस्टरला विचारा जाऊन, अर्धा तरी चालेल का म्हणून, जा!”

पलीकडच्या पलंगावरची बाई हसली. मी पाव हातात धरून तसाच उभा होतो. एवढं सगळं ती एका दमात बोलली होती.